शरीरांतील दिशा : डावें कोणाचें, उजवें कोणाचें ?

शरीररचनाशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांच्या आरंभीं दिशादर्शक शब्दांचें एक पान असतें. वर, खालीं, पुढें, मागें, मध्याकडे, कडेकडे, उगमाजवळ, टोंकाजवळ अशा अर्थाचे आठ-दहा शब्द तेथें एका कोष्टकांत मांडलेले असतात, आणि त्यांच्या शेजारीं तळहात पुढें दाखवीत ताठ उभ्या असलेल्या मनुष्याची एक निर्विकार आकृति असते. विद्यार्थी हें पान एकदां पाठ करितो व उलटतो. शिक्षक पुष्कळदां त्यावर थांबतही नाहींत, कारण पुढें हृदय, फुप्फुसें, मूत्रपिंडें अशीं 'महत्त्वाचीं' प्रकरणें वाट पाहात असतात. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. त्या सबंध पुस्तकांतील एकच पान मुलांस नीट समजावून द्यावयाचें झालें, तर तें हेंच द्यावें, आणि तेंही पाठ करवून नव्हे, तर अंगानें करून पाहावयास लावून, असें आम्ही समजतों.

प्रथम डाव्या-उजव्याचेंच घेऊं. फळ्यावर हृदयाची आकृति काढली म्हणजे ज्या बाजूस मुलांचा डावा हात असतो त्या बाजूच्या कप्प्यांवर शिक्षक 'उजवें अलिंद', 'उजवें निलय' अशीं नांवें लिहितात. वर्गांत क्षणभर कुजबुज होते. एखादा धीट मुलगा "सर, उलटें झालें" असें म्हणतोही. त्यास अनेक ठिकाणीं उत्तर मिळतें तें असें कीं, "पुस्तकांत तसेंच आहे, तूंही तसेंच काढ." असल्या उत्तरानें मुलाची जिज्ञासा जागच्या जागीं मरते. त्याची शंका रास्त होती आणि तिचें समाधान एका वाक्यांत करतां आलें असतें. तें हृदय पाहणाराचें नव्हे. तें त्याच्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या दुसऱ्या मनुष्याचें आहे, आणि उजवें-डावें हें त्या दुसऱ्याचें मोजावयाचें. शरीराच्या वर्णनांत दिशा पाहणाराची नसते, ज्याचें शरीर त्याची असते. एवढा एक नियम ज्यास खरोखर उमगला, त्यास पुढील सगळे शब्द सोपे जातात. ज्यास तो उमगला नाहीं, त्याची आकृति सुबक आली तरी ती नकलेची आहे असें समजावें.

कवाइतीच्या मैदानावर हें कोडें रोजच पडतें. व्यायामशिक्षक मुलांकडे तोंड करून "उजवा हात वर" असें सांगतात आणि स्वतः मात्र डावा हात उचलतात, म्हणजे समोरच्या लहान मुलांस आरशांत पाहिल्याप्रमाणें अनुकरण करतां यावें. पहिली-दुसरीच्या मुलांपुरती ही युक्ति ठीक आहे. परंतु मोठ्या मुलांसाठींही ती चालूं ठेविली तर समोर जी बाजू दिसते तीच आपली, असा मनाचा कल पडून जातो, आणि दुसऱ्याच्या शरीराचा विचार करतांना तो आडवा येतो. आठवीच्या पुढें व्यायामशिक्षकांनीं खुशाल आपला खरा उजवा हात उचलावा आणि मुलांना मनांतल्या मनांत अर्धा फेरा घेऊं द्यावा, असें आमचें त्यांस सुचविणें आहे. त्यांस तें रुचेल कीं नाहीं हें सांगवत नाहीं.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस या गोष्टीचें एक उत्तम उदाहरण उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायांत सांपडेल. वृद्ध याकोबाची दृष्टि मंद झाली आहे. योसेफ आपले दोन पुत्र आशीर्वादासाठीं त्याच्यासमोर आणीत आहे. वडील पुत्र मनश्शे याच्या मस्तकावर आजोबांचा उजवा हात पडावा अशी योसेफाची इच्छा. म्हणून तो मनश्शेस आपल्या डाव्या हाताशीं धरितो, म्हणजे तो याकोबाच्या उजव्या हातासमोर येईल. आणि धाकट्या एफ्राईमास आपल्या उजव्या हाताशीं धरितो, म्हणजे तो याकोबाच्या डाव्या हातासमोर येईल. पुढें याकोब बुद्ध्याच हात आडवे टाकतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आमचें लक्ष येथें योसेफाकडे आहे. समोरासमोर उभे असतां दुसऱ्याचा उजवा हात कोणता याचा हिशेब त्यानें बिनचूक केला, आणि लिहिणारानेंही कोणाचा उजवा व कोणाचा डावा हें प्रत्येक वेळीं नांव घेऊन सांगितलें, वाचकाच्या तर्कावर सोंपविलें नाहीं. शस्त्रक्रियेच्या कागदावरील नोंदीकडून याहून अधिक कांहीं अपेक्षित नसतें.

आपल्या पूर्वजांनीं पृथ्वीवरील दिशा आणि शरीराच्या बाजू यांचा एकमेकांशीं संबंध जोडला होता, हेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. पूर्वेकडे तोंड करून उभें राहिलें असतां उजव्या हातास जी दिशा येते ती दक्षिण. संस्कृतांत दक्षिण या शब्दाचे उजवा व दक्षिण दिशेचा असे दोन्ही अर्थ होतात, आणि ज्या दख्खनच्या पठारावर आपण राहतों त्याचें नांव याच शब्दापासून आलेलें आहे. पूर्व म्हणजे पुढचें आणि पश्चिम म्हणजे मागचें. म्हणूनच पाठीचा भाग ताणणाऱ्या आसनास पश्चिमोत्तानासन म्हणतात, मग तें करणाराचें तोंड कोणत्याही दिशेस असो. इब्री भाषेंतही हाच प्रकार आहे. 'यामीन' म्हणजे उजवा हात आणि दक्षिण दिशा. बन्यामीन या नांवाचा अर्थ उजव्या हाताचा पुत्र. दोन भाषांच्या कुळांचा एकमेकांशीं संबंध नाहीं, तरी उगवत्या सूर्याकडे तोंड करणारा मनुष्य दोन्हीकडे सारखाच !

याच्या उलट टोंकाचीही एक भाषा आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांतील गुगु यिमिथिर नांवाच्या भाषेंत डावें-उजवें सांगण्याची रीतच नाहीं. ते लोक हाताजवळची वस्तूही उत्तरेस किंवा पश्चिमेस आहे असेंच सांगतात. (कांगारू हा शब्द १७७० सालीं कॅप्टन कुकच्या मंडळींनीं याच भाषेंतून उचलला.) शेतास, घरास, रस्त्यास ही पद्धति फार सोयीची. परंतु वैद्यास ती उपयोगाची नाहीं, कारण त्याचा रोगी सारखा कूस पालटीत असतो. रोगी वळला कीं उत्तर बदलेल. त्याचें यकृत मात्र त्याच्या उजवीकडेच राहील. म्हणून शरीराच्या दिशा शरीरासच बांधून ठेवाव्या लागल्या.

त्या बांधून ठेवण्यासाठींच पुस्तकांतील तो ताठ मनुष्य आहे. तो उभा आहे, दृष्टि समोर आहे, पाय जुळलेले आहेत, हात बाजूस सोडलेले आहेत आणि तळहात पुढें वळविलेले आहेत. प्रत्यक्षांत शरीर कसेंही असो, निजलेलें, वांकलेलें, चिरफाडीच्या मेजावर पालथें घातलेलें, तरी वर्णन करतांना तें या स्थितींत आहे असें धरून चालावयाचें. मल्लखांबावर डोकें खालीं करून लोंबणाऱ्या मुलाचें डोकें शरीरशास्त्राच्या भाषेंत त्याच्या पायांच्या वरच आहे. खाटेवर उताण्या निजलेल्या रोग्याची छाती आढ्याकडे असली तरी ती 'वर' नसून 'पुढें' आहे, आणि त्याच्या अंगाखालची पाठ 'मागें' आहे. मुलांना हें ऐकून प्रथम हंसूं येतें. येऊं द्यावें.

तळहात पुढें कां वळवावयाचे, ही शंका मात्र चांगल्या विद्यार्थ्यासही सुचत नाहीं, आणि तिचें उत्तर फार मौजेचें आहे. हात सहज सोडून उभें राहिलें तर अंगठा पुढच्या बाजूस येतो. हात पालथा केला तर अंगठा शरीराच्या मध्याकडे येतो, उताणा केला तर बाहेर जातो. मग अंगठ्यास आंतल्या बाजूचा म्हणावें कीं बाहेरच्या ? याचें कारण असें कीं, कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडें आहेत. हात उताणा असतां तीं एकमेकांस समांतर असतात. हात पालथा करतांच अंगठ्याकडचें हाड करंगळीकडच्या हाडास ओलांडून आडवें जातें. विद्यार्थ्यांनीं आतांच उजवा हात मेजावर उताणा ठेवावा, डाव्या हातानें तो कोपराखालीं हलकेच धरावा आणि मग उजवा हात पालथा करावा. हाडाचें तें वळणें बोटांस स्पष्ट जाणवेल. हाडें समांतर असतील तेव्हांचीच स्थिति प्रमाण मानिली म्हणजे घोटाळा उरत नाहीं : अंगठा बाहेरच्या अंगास, करंगळी मध्याकडच्या अंगास. तरीही डॉक्टर पुष्कळदां सावधगिरीनें 'अंगठ्याकडची बाजू' व 'करंगळीकडची बाजू' अशा अर्थाचे निराळे शब्द वापरतात, कारण मग हात कसाही वळला तरी चूक होत नाहीं. मनगटावरील नाडी अंगठ्याच्या बाजूस पाहावी असें आपल्या घरांतील वडील मंडळी सांगतात, तें याच पद्धतीचें बोलणें आहे.

येथें आम्हांस आमचा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. हे शब्द लॅटिन असल्यामुळें ते आपल्या मुलांस परके वाटतात, आणि मराठीनें या शास्त्रांत कांहीं कामच नाहीं अशी समजूत पालकांतही रूढ झाली आहे. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. आपल्या बोलींत शरीराच्या दिशा इतक्या बारकाईनें भरलेल्या आहेत कीं, त्यांकडे आपलें लक्षच जात नाहीं. गुडघ्याखालीं पुढच्या बाजूस नडगी, मागच्या बाजूस पोटरी. गळा पुढें, मानगूट मागें, आणि मान म्हटली कीं सगळी. हाताची आंतली बाजू तळहात, बाहेरची मळहात. निजण्याच्या तीन तऱ्हा आहेत, उताणें, पालथें आणि कुशीवर, आणि यांतील पहिले दोन शब्द हातासही लागतात. इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यास या दोन स्थितींचीं लॅटिन नांवें एकमेकांपासून वेगळीं ठेवितांना घाम फुटतो. पण पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण ज्याच्या कानांवरून गेली आहे त्यास पालथें म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं.

अर्थात् मराठीचें उणेंही सांगितलें पाहिजे. आपण खांद्यापासून बोटांच्या टोंकापर्यंत सगळ्यास 'हात' म्हणतों, आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळ्यास 'पाय'. "हात दुखतो" असें सांगणारा रोगी डॉक्टरास जवळ जवळ कांहींच सांगत नाहीं. टाळू म्हणजे तोंडांतील छत आणि टाळू म्हणजे तान्ह्या मुलाच्या माथ्यावरील मऊ भागही. दोहोंमध्यें सबंध मेंदू आहे! पण या उणिवेवरचा उपायही मराठींतच आहे. दंड, कोपर, मनगट, मांडी, घोटा, टांच हे शब्द कोठें नाहींसे झालेले नाहींत. आळसामुळें ते आपल्या तोंडीं येत नाहींत इतकेंच.

कांहीं विद्वानांनीं लॅटिन शब्दांस संस्कृत प्रतिशब्द घडविले आहेत. मध्याकडील यास 'अभिमध्य', उगमाजवळील यास 'समीपस्थ', टोंकाकडील यास 'दूरस्थ', असे ते आहेत. ग्रंथांत ते शोभतात, त्यांची हेटाळणी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु चौदा वर्षांच्या मुलास एका अपरिचित शब्दाच्या जागीं दुसरा अपरिचित शब्द देऊन त्याचें ज्ञान वाढत नाहीं. त्यास आधीं साधा शब्द द्यावा व त्याच्या परिचयाचा दृष्टांत द्यावा. उगमाजवळचें आणि टोंकाकडचें हा भेद शिकवितांना गोदावरीसारखें साधन दुसरें नाहीं. त्र्यंबकेश्वराहून निघून ती नाशिक, पैठण, नांदेड असे करीत जाते. पैठण उगमाजवळ आहे कीं दूर ? नाशिकच्या मानानें दूर, नांदेडच्या मानानें जवळ. तसेंच हाताचा उगम खांदा धरिला तर कोपर हें मनगटाच्या मानानें उगमाजवळचें, पण खांद्याच्या मानानें टोंकाकडचें. हे शब्द नेहमीं तुलनेनें वापरावयाचे असतात, नुसतें "हें समीपस्थ आहे" असें म्हणण्यांत अर्थ नाहीं, ही गोष्ट नदीच्या दृष्टांतानें जशी ठसते तशी व्याख्येनें ठसत नाहीं. मग लॅटिन शब्द शिकवावे. आणि ते शिकवावेच, कारण पुढें कॉलेजांत व रुग्णालयांत तेच कानीं पडावयाचे आहेत. ओळखीच्या अर्थावर बसविलेला परका शब्द लौकर ठरतो.

शिवाय या शास्त्रांत नांव हाच पत्ता असतो. कमरेच्या हाडाचें एक टोंक आहे, पोटाच्या खालच्या भागीं बाजूस बोट दाबलें तर सहज हातास लागतें. इंग्रजींत त्यास अँटेरियर सुपीरियर इलिअक स्पाईन म्हणतात. ऐकतांना जीव घाबरतो. अर्थ केला तर 'कमरेच्या हाडाचें पुढचें वरचें टोंक' एवढाच. याच टोंकापासून बेंबीपर्यंत एक रेघ कल्पून, उजव्या बाजूस टोंकापासून एक-तृतीयांश अंतरावर जो बिंदु येतो, तेथें दाबलें असतां होणारी वेदना हें आंत्रपुच्छाच्या दाहाचें एक लक्षण असल्याचें मॅकबर्नी नांवाच्या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १८८९ सालीं दाखवून दिलें. दिशांचे चार शब्द आणि एक रेघ एवढ्यावर कितीएक रोग्यांचें निदान आजवर झालें आहे.

या शब्दांस आजचें रूप येण्यास पुष्कळ काळ लागला. गॅलन या प्राचीन वैद्यानें माकडें, डुकरें वगैरे प्राणी फाडून शरीराचें ज्ञान मिळविलें व तेंच मनुष्यास लाविलें. वेसालियसनें १५४३ सालीं बासेल येथें छापविलेल्या आपल्या ग्रंथांत मनुष्याचें शरीर मनुष्यासारखें उभें करून दाखविलें. पण नांवांचा गोंधळ चालूंच राहिला. एकाच भागास दहा-दहा नांवें पडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीं नांवें सुमारें पन्नास हजारांवर गेलीं होतीं. १८९५ सालीं, पुन्हां बासेल येथेंच, शास्त्रज्ञांनीं जमून तीं पांच हजारांच्या आसपास आणिलीं. त्यानंतर १९३५ सालीं जर्मनांनीं येना येथें अशी खटपट केली कीं, पुढें-मागें, वर-खालीं हे शब्द टाकून चतुष्पादांसही लागतील असे शब्द घ्यावे. कारण गाईचें पोट 'पुढें' नसून खालीं असतें आणि तिचें डोकें 'वर' नसून पुढें असतें. हा विचार तर्कास धरून होता, परंतु १९५५ सालीं पॅरिस येथें ठरलेल्या नामावलींत उभ्या मनुष्याचेच शब्द परत आले. विद्यार्थ्यांस याचें फळ एवढेंच भोगावें लागतें कीं, बेडकाच्या धड्यांतील 'पृष्ठ' व 'अधर' या बाजू मनुष्याकडे वळतांना एका काटकोनांतून फिरवून घ्याव्या लागतात. आणि पावलाची पाठ म्हणजे तळव्याची बाजू नसून वरची बाजू, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें. गर्भावस्थेच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस पाय आंतल्या अंगास वळतात आणि हात बाहेरच्या अंगास, म्हणून असें झालें आहे.

दिशांचे हे शब्द सर्वत्र तंतोतंत लागू पडतात असें मात्र नाहीं. हृदयाच्या 'उजव्या' व 'डाव्या' बाजू म्हणतात त्या प्रत्यक्षांत सरळ उजवीकडे व डावीकडे नसतात. हृदय छातींत तिरकें व वळलेलें बसलें आहे. उजवें निलय बहुतांशीं पुढें आणि डावें अलिंद अगदीं मागें असतें. पुस्तकांतील चपट्या आकृतीनें मुलांचा असा ग्रह होतो कीं, हृदय मधोमध एका भिंतीनें ओळंब्यांत दुभागलेलें आहे. आम्हांस वाटतें, हा ग्रह दूर करण्यास साधें मातीचें हृदय करून तें छातीपुढें तिरकें धरून दाखविणें पुरेसें आहे. महागड्या प्लास्टिकच्या नमुन्यासाठीं अडून बसण्याचें कारण नाहीं. तसेंच क्वचित्, सुमारें दहा हजारांत एक, अशीं माणसें असतात कीं, त्यांचें हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, आणि सर्वच आंतील अवयव आरशांतल्याप्रमाणें उलटे असतात. मॅथ्यू बेली यानें १७८८ सालीं अशा एका शरीराचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. अशा वेळीं शब्द बदलत नाहींत. त्या मनुष्याचा उजवा हात उजवाच. फक्त त्याचें हृदय त्याच्या उजवीकडे आहे, असें म्हणावयाचें.

कोणी म्हणेल, आमचीं मुलें कांहीं सगळीं डॉक्टर व्हावयाचीं नाहींत. मग या काथ्याकुटाचा त्यांस उपयोग काय? डॉक्टर थोडीं होतील. आजारी सगळींच पडतील. शस्त्रक्रिया भलत्याच बाजूवर झाल्याचीं उदाहरणें जगांतील सुधारलेल्या देशांतही घडलेलीं आहेत. डाव्या गुडघ्याच्या जागीं उजवा, असें. क्ष-किरणांचें चित्र रोगी आपल्याकडे तोंड करून उभा आहे अशा रीतीनें पाहावयाचें असतें, म्हणून चित्राच्या डाव्या हातास रोग्याची उजवी बाजू येते. तें चित्र उलटें लागलें तर फुप्फुस बदललें. याकरितांच चित्र घेतांना त्यावर बाजू सांगणारें शिशाचें अक्षर ठेवितात. अमेरिकेंतील अस्थिशल्यवैद्यांनीं १९९८ सालीं अशी मोहीम सुरू केली कीं, ज्या जागीं शस्त्र चालवावयाचें तेथें शस्त्रवैद्यानें आधीं शाईनें स्वतःची खूण करावी. २००८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेच्या वेळीं तपासावयाच्या एकोणीस गोष्टींची यादी प्रसिद्ध केली. तींत भूल देण्यापूर्वीं रोग्याकडूनच त्याचें नांव, शस्त्रक्रिया व तिची जागा वदवून घ्यावी असें आहे. म्हणजे शेवटचा पहारेकरी रोगी स्वतः, किंवा रोगी लहान असेल तर त्याचे आईबाप. त्यांनीं समोर निजलेल्या मुलाचा कान दाखवितांना स्वतःच्या बाजूनें डावा म्हटलें तर तो पहारा फुकट गेला.

याहून नित्याची गोष्ट लसीची. आपल्या देशांत बी. सी. जी. लस डाव्या दंडाच्या वरच्या भागीं टोंचतात. सर्वत्र एकच जागा ठेवल्यामुळें तिची खूण कोठें पाहावी हें तपासणारास ठाऊक असतें. तान्ह्या मुलांस पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या अंगास देतात. मोठ्या माणसास कुल्ल्यावर सुई टोंचावयाची झाली तर ती वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशांत टोंचावी असा परिचारिकांस पहिला धडा असतो, कारण खालच्या व आंतल्या भागांतून पायाकडे जाणारी मोठी मज्जारज्जु-शाखा उतरते. तिला सुई लागली तर पाय लुळा पडूं शकतो. 'वरचा' आणि 'बाहेरचा' हे दोन शब्द एवढ्या मोलाचे आहेत. ज्या मुली पुढें हा सेवेचा व्यवसाय पत्करतील त्यांनीं ते आतांपासूनच अंगवळणीं पाडावे.

पालकांस आमची विनंति लहानशी आहे. मूल "पाय दुखतो" म्हणालें तर त्यास विचारावें : कोणता, गुडघ्याच्या वर कीं खालीं, पुढें कीं मागें, आंतल्या अंगास कीं बाहेरच्या ? चार प्रश्नांस चार उत्तरें मिळालीं म्हणजे डॉक्टराचें अर्धें काम झालें. डॉक्टरास सांगतांना शब्दाबरोबर बोटही मुलाच्याच अंगावर ठेवावें, आपल्या नव्हे.

आणि आमच्या व्यवसायबंधूंस एवढेंच कीं, आठवीच्या वर्गास वर्षांतून एक तास यासाठीं काढावा. लागणारें साहित्य म्हणजे खडू, सुतळीचा एक तुकडा आणि फरशीवर उताणें निजावयास तयार असा एक मुलगा. त्याच्या भोंवतीं खडूनें रेघ ओढावी, कपाळापासून खालीं सुतळी धरून मध्य दाखवावा, मग त्यास उठवून रेघेच्या आंत वर्गानें डावें, उजवें, वर, खालीं लिहावें. त्यानंतर त्याच मुलास त्याच रेघेंत पालथें निजवावें आणि लिहिलेल्यांतील कोणते शब्द आतां पुसावे लागतील तें वर्गासच विचारावें. आमच्या अनुभवास आलें आहे कीं, तास संपल्याची घंटा झाली तरी हा वाद मधल्या सुटींत चालूं राहतो.